हौशी रग्बी क्लबचा इतिहास लिहिताना: स्थापनेचं वर्ष, जुने स्कोअर, फोटो आणि क्लबचा स्वभाव

सामनेपत्रक (धागाकर्ता)

शंभरीच्या पुढे गेलेल्या एका स्थानिक हौशी रग्बी क्लबचा (युनियन, १५ खेळाडूंचा) इतिहास पुस्तिकेच्या रूपात मांडायचा आहे. साधारण ८० पानं. हाताशी असलेलं साहित्य असं:

- वार्षिक सभांच्या इतिवृत्ताच्या चार वह्या, मधली दोन दशकं गायब
- खिशात मावतील अशी हंगामाची सामनेपत्रकं, सुमारे साठ
- वर्तमानपत्रांची कात्रणं, एका मोठ्या वहीत डिंकाने चिकटवलेली
- संघाचे फोटो, बऱ्याच फोटोंवर नावं नाहीत, काहींवर वर्षही नाही
- जमाखर्चाच्या वह्या (या कुणी उघडून पाहिलेल्या दिसत नाहीत)

प्रश्न चार. एक, स्थापनेची तीन वेगवेगळी वर्षं सापडतात, कोणतं छापायचं? दोन, जुने स्कोअर आजच्या गुणपद्धतीत बदलून द्यावेत का? तीन, वर्ष नसलेल्या फोटोंचा काळ कसा ठरवायचा? चौथा जरा अवघड आहे: निकालांच्या याद्या म्हणजे क्लब नव्हे, हे कळतं. पण क्लबचा स्वभाव कागदांतून काढायचा कसा? "खेळीमेळीचं वातावरण" छापाची वाक्यं नको आहेत.

---

रद्दीशोधक

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

स्थापनेची तीन वर्षं सापडणं अगदी नेहमीचं आहे, कारण "स्थापना" या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या घटना येतात: क्लब काढायची सभा, पहिला सामना, संघटनेशी संलग्नता आणि आजचं नाव धारण करणं. प्रत्येक वर्षापुढे ते यांपैकी कशाचं आहे आणि कोणत्या कागदावर आहे ते लिहा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

उरलेला वाद बहुधा उलट मोजण्यातून आलेला असतो. एखाद्या पत्रकावर "चाळिसावा हंगाम" असं छापलेलं दिसतं आणि कुणीतरी सरळ ४० वजा करतं. चाळिसावा हंगाम म्हणजे मधे ३९ वर्षं. एकाची चूक इथे ठरलेली. शिवाय रग्बीचा हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत पसरलेला असतो, तिथे आणखी एका वर्षाची भर. आणि युद्धाची वर्षं मोजली की वगळली, हे पत्रक छापणाऱ्याने सांगितलेलंच नसतं. या तिन्ही गोष्टी मिळून सहा-सात वर्षांचा फरक सहज पडतो.

सगळ्यांत जुना क्लब कोणता, हा वादही असाच व्याख्येवर अडतो. लंडनचा गाय्ज हॉस्पिटल क्लब १८४३ सांगतो, डब्लिन विद्यापीठाचा १८५४, ब्लॅकहीथ १८५८. ब्लॅकहीथची बाजू अशी की एखाद्या संस्थेपुरता न राहता कुणालाही सदस्य होता येईल असा सर्वांत जुना क्लब त्यांचा. तिघांनाही आपापल्या व्याख्येपुरतं बोलायला जागा आहे. तुम्हीही मुखपृष्ठावर एक वर्ष घ्या, सर्वांत जुन्या *समकालीन* कागदाचं, आणि आत बाकीची दोन कारणासह द्या. नंतर कुणीतरी आठवणीने लिहिलेला कागद समकालीन धरायचा नाही, मग लिहिणारा संस्थापक का असेना.

दंतकथा फेकू नका, पण दंतकथा म्हणूनच छापा. विल्यम वेब एलिसने १८२३ मध्ये चेंडू हातात घेऊन धाव घेतली, ही गोष्ट छापील स्वरूपात पहिल्यांदा येते १८७६ मध्ये, म्हणजे तो वारल्यानंतर चार वर्षांनी, आणि सांगणारा मॅथ्यू ब्लॉक्सम स्वतः तिथे हजर नव्हता. १८९५ मध्ये रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, तेव्हाही प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार मिळाला नाही. तरी विश्वचषकाला नाव त्याचंच. तुमच्या क्लबातही असा एखादा एलिस असणार. त्याला वेगळी चौकट द्या, खाली "ही गोष्ट पहिल्यांदा अमुक वर्षी लिहिली गेली" एवढं टाका.

आता स्कोअर. बदलू नका. त्या दिवशी जो निकाल लागला तोच छापा आणि पुस्तिकेच्या शेवटी कोष्टक द्या:

- १८७१ चे नियम: फक्त गोल मोजायचे. ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) गुण नाहीत, ट्राय म्हणजे गोलवर किक मारायची संधी.
- १८७५ पासून: गोल सारखे झाले तर ट्राय जास्त कुणाचे ते पाहायचं.
- १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १८९३ पर्यंत: गुणपद्धती आली आणि आकडे पुन्हा पुन्हा बदलले. या काळात बेरजेच्या नादी लागू नका, "१ गोल २ ट्राय" असंच छापा.
- १८९३-९४ पासून: ट्राय ३, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची यशस्वी किक) २, पेनल्टी (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळालेली किक) ३, ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा पाडून मारलेला गोल) ४.
- १९४८-४९ पासून: ड्रॉप गोल ३.
- १९७१-७२ पासून: ट्राय ४.
- १९९२-९३ पासून: ट्राय ५.

कात्रणांत "२ गो., १ पे. गो., १ ट्रा." असं दिसेल. इथे "गोल" म्हणजे कन्व्हर्ट झालेला ट्राय. त्यातला ट्राय वेगळा धरायचा नाही. हाच सामना १९६० मध्ये १६ गुणांचा, १९८० मध्ये १९ चा आणि १९९५ मध्ये २२ चा. हंगामातले एकूण ट्राय काढताना गोल आणि ट्राय यांची बेरीज करायची, मात्र बातमीदाराने ड्रॉप गोललाही नुसतं "गोल" म्हटलेलं नाही ना, हे आधी बघून घ्या. सर्वाधिक चुका इथे होतात.

छपाईच्या चुका पकडायची एक सोपी चाळणी आहे. १९४८ ते १९७१ या काळात गुण ३ आणि ५ याच गठ्ठ्यांत मिळायचे, त्यामुळे १, २, ४ आणि ७ हे स्कोअर अशक्य. १९७१ ते १९९२ मध्ये १, २, ५ अशक्य. १९९२ नंतर १, २, ४ अशक्य. १९५५ चा निकाल ७-३ दिसला, तर तो बातमीदाराचा किंवा खिळे जुळवणाऱ्याचा, मैदानावरचा नव्हे.

---

गोलखांब

रद्दीशोधक यांच्याशी सहमत, फक्त एक पुरवणी. दोन दशकांची गायब इतिवृत्तं स्वतःच्या कपाटात शोधत बसू नका. प्रत्येक सामन्याला दोन क्लब असतात. सामनेपत्रकांवरून नेहमीचे दहा-बारा प्रतिस्पर्धी काढा आणि त्यांच्या चिटणीसांना नेमकी तारीख देऊन विचारा: "अमुक तारखेच्या सामन्याची नोंद आहे का?" "तुमच्याकडे आमच्याबद्दल काही आहे का?" असं विचारलं तर उत्तर येत नाही.

आता फोटो.

आधी चेंडू बघा. कर्णधाराच्या मांडीवर किंवा पायाशी चेंडू असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात हंगाम लिहिलेला असतो. ६०० डीपीआयवर स्कॅन करून मोठं केलं की पुसट अक्षरंही निघतात. अक्षरं उलटी दिसली तर काच किंवा निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे, मग "डावीकडून उजवीकडे" दिलेली नावंही एकदा तपासून घ्या.

चेंडूवर काही नसेल तर नावांची रचना बघा. फोटोखाली किंवा पत्रकावर १ बॅक, ३ थ्री-क्वार्टर, २ हाफबॅक (हे सगळे मागच्या फळ्यांतले) आणि ९ फॉरवर्ड (पुढचे, स्क्रममध्ये म्हणजे एकमेकांत अडकून ढकलाढकलीत उतरणारे) असतील तर तो काळ १८९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. चार थ्री-क्वार्टर आणि आठ फॉरवर्ड ही मांडणी वेल्समधून पसरली आणि तेव्हापासून टिकली. वीस नावं असतील तर १८७० च्या दशकातलं; १८७७ मध्ये आंतरराष्ट्रीय सामने पंधरा जणांचे झाले.

जर्सीवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. आजची १ ते १५ ची पद्धत बरीच उशिरा रुळली. १९५० च्या दशकात अनेक ठिकाणी १ नंबर फुलबॅकचा होता, म्हणजे आजच्या नेमका उलटा क्रम. काही क्लब आकड्यांऐवजी अक्षरं वापरत. लेस्टरच्या पुढच्या फळीच्या पाठीवर ए, बी, सी असायचं. तेव्हा १९५२ च्या पत्रकातला "१०" आपोआप फ्लायहाफ (आज १० नंबर घालणारा खेळाडू) धरू नका.

रंगांबद्दल खास सावधगिरी. जुन्या काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळ्या होत्या: लाल काळपट येतो, निळा फिकट येतो. १९३० च्या आधीच्या फोटोत गडद-फिकट पट्टे दिसले म्हणून "पूर्वी काळा-पांढरा पोशाख होता" असं लिहू नका. तो लाल-निळा असू शकतो. पोशाखाचा रंग ठरवायला जमाखर्चाची वही बघा. जर्सीच्या बिलात रंग लिहिलेला असतो.

मैदान ओळखायला गोलखांब कामी येतात. त्यांच्यातलं अंतर ५.६ मीटर आणि आडव्या दांडीची उंची ३ मीटर, आणि १८७१ पासून यात सांगण्यासारखा फरक नाही. या मापाने मागच्या भिंतीची, झाडाची, छपराची उंची काढता येते आणि जुन्या नकाशाशी ताडता येते. खांब आणि भिंत यांच्यातलं अंतर मात्र ध्यानात ठेवा. लांबची वस्तू लहान दिसते, त्यामुळे उत्तर थेट न येता किमान मर्यादा म्हणून येतं.

हाताळणी थोडक्यात: कात्रणं वहीतून उचकटू नका, पान जसं आहे तसं ३०० डीपीआयवर स्कॅन करा. फोटो ६०० वर, ३५ मिमी निगेटिव्ह २४०० किंवा वर. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची जेपेगमध्ये. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीच नाही. पिना-क्लिपा काढा, गंज कागदात उतरतो. फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. पाकिटं पॉलिएस्टरची, पीव्हीसीची नकोत. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, तो फोटोंना लागून ठेवू नका. प्रती तीन: दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या इमारतीत. क्लबच्या खोलीतल्या एकाच संगणकावर सगळं ठेवणं म्हणजे काहीच न ठेवणं.

---

सामनेपत्रक

दोघांचेही आभार. चाळणी लावल्यावर १९५० च्या दशकातले तीन स्कोअर अशक्य निघाले. फोटोंच्या ढिगाऱ्यात "अ संघ" लिहिलेले बरेच आहेत. हा मुख्य संघ धरायचा ना? आणि चौथा प्रश्न अजून उभाच आहे.

---

गोलखांब

नाही. बहुतेक क्लबांत मुख्य संघाला "पहिला पंधरा" म्हणत आणि "अ" म्हणजे दुसरा संघ, "ब" तिसरा. "एक्स्ट्रा फर्स्ट" नावाचा संघही दिसेल, तोही पहिला नव्हे. पत्रकावर पहिल्या पंधराचा आणि "अ" चा त्याच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी सामना दिसला की खात्री पटते.

---

तिसरी फळी

चौथ्या प्रश्नावर. ज्या वह्या कुणी उघडल्या नाहीत, त्याच आधी उघडा. हौशी क्लबचा स्वभाव जिंकलेल्या सामन्यांत फारसा दिसत नाही. तो दिसतो रद्द झालेल्या सामन्यांत, थकलेल्या वर्गणीत आणि चिटणीसपद कुणाच्या गळ्यात पडलं यात.

उदाहरण घ्यायचं तर कलकत्ता क्लबचं. १८७३ मध्ये स्थापना, पाच वर्षांत बंद. संघ हरत होता म्हणून नव्हे. सदस्यांना मिळणारं फुकट मद्य बंद करावं लागलं आणि सदस्यसंख्या उतरली. हवामान टेनिस आणि पोलोच्या बाजूचं, माणसं तिकडे वळली. उरलेला निधी बँकेतून चांदीच्या रुपयांत काढला, २७० रुपये वितळवून करंडक घडवला आणि रग्बी फुटबॉल युनियनला (इंग्लंडमधली रग्बीची संघटना) दिला. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात १८७९ पासून तोच कलकत्ता कप. आणि हा प्रस्ताव १८७७ च्या डिसेंबरमध्ये ज्यांनी पत्राने कळवला ते जी. ए. जेम्स रॉथनी क्लबचे कर्णधार, चिटणीस आणि खजिनदार तिन्ही होते. एकाच माणसाकडे तीन पदं, हा तपशील क्लबच्या तब्येतीबद्दल पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

तुमच्या वह्यांतून दर हंगामाचे पाच आकडे काढा:

१. किती संघ उतरवले (पहिला, अ, ब, युवक, महिला, ज्येष्ठ).
२. ठरलेले सामने किती, प्रत्यक्ष झाले किती, न झालेल्यांचं कारण काय. पाऊस-बर्फ वेगळा, "आमची माणसं जमली नाहीत" वेगळं, "त्यांची जमली नाहीत" वेगळं.
३. एकूण किती वेगवेगळे खेळाडू खेळले, त्यांतले एकदाच खेळलेले किती.
४. देय वर्गणी आणि जमा झालेली वर्गणी.
५. पदाधिकारी: कोण, किती सलग वर्षं.

यांचा दशकवार आलेख केला की स्वभाव आपोआप वर येतो. पहिला संघ जोरात आणि ब संघ दर दुसऱ्या आठवड्याला रद्द, तर तो क्लब वरवर चांगला पण आतून पातळ. याउलट पहिला संघ सतत हरतोय आणि चार संघ नियमित उतरताहेत, तर लोक तिथे खेळायला येतात, जिंकायला नव्हे. हे दोन अगदी वेगळे क्लब आहेत, निकालांच्या यादीत मात्र दुसरा फक्त कमकुवत दिसेल.

संघ रद्द होण्यामागे पुढच्या फळीचं गणित असतं, ते वाचकाला समजावून सांगा. विंगरच्या (कडेने धावणाऱ्या खेळाडूच्या) जागी कुणालाही उभं करता येतं. प्रॉप आणि हुकर (स्क्रमच्या पुढच्या फळीतले तिघे) यांच्या जागी नाही, कारण मान अडकते. आजच्या नियमांत १५ खेळाडू असतील तर त्यांत पुढच्या फळीचे प्रशिक्षित ३ हवेत, १६ ते १८ असतील तर ४, १९ ते २२ असतील तर ५, २३ असतील तर ६. पहिल्या संघातला एक प्रॉप जायबंदी झाला की अ संघातला वर जातो, ब संघातला अ मध्ये, आणि ब संघापाशी माणसं पंधरा असूनही स्क्रम उरत नाही. मग बिनजोराचे (न ढकलता होणारे) स्क्रम किंवा सरळ रद्द. सामना रद्द झालेल्या शनिवारी वरच्या संघात कोण बदलला होता ते बघा, साखळी दिसेल.

लीगबद्दल एक. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय लीग १९८७ मध्ये आली, स्कॉटलंडमध्ये १९७३-७४ मध्ये. त्याआधी मुख्यतः परस्पर ठरवलेले सामने. म्हणजे "१९६२ मध्ये लीगमध्ये पाचवे" असं वाक्य इंग्लंडमधल्या क्लबबद्दल दिसलं तर ते वर्तमानपत्राने स्वतः काढलेल्या तक्त्यावरून आलेलं असणार. लीग आल्यावर बदललं काय, तर कुणाशी खेळायचं हे चिटणीसाच्या हातातून गेलं. पन्नास वर्षांचे शेजारी प्रतिस्पर्धी वेगवेगळ्या स्तरांत गेले आणि भेटेनासे झाले. सामनेपत्रकं शेजारी ठेवली तर कोणती नावं कधी गळाली ते दिसेल. माझ्या मते हे प्रकरण पुस्तिकेत सर्वांत मोठं असायला हवं.

महिला संघाच्या नोंदी वेगळ्या शोधा. ब्रिटनमध्ये महिलांची वेगळी संघटना १९८३ मध्ये झाली आणि पुढची बरीच वर्षं त्यांचा कारभार स्वतंत्र होता, त्यामुळे मुख्य वहीत काही नसणं याचा अर्थ संघ नव्हता असा होत नाही.

---

शिट्टी

"हौशी" या शब्दाला पुस्तिकेत काळ जोडा. १८९३ मध्ये कामाच्या बुडालेल्या तासांची भरपाई खेळाडूंना द्यावी, हा प्रस्ताव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. कारखान्यात शनिवारी अर्धा दिवस काम करणाऱ्यांचे क्लब मुख्यतः उत्तर इंग्लंडमधले. त्यांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात नॉर्दर्न युनियन काढली, पुढे तीच रग्बी लीग. तिथे १९०६ पासून तेरा खेळाडू. शोधताना गोंधळ असा होतो की १८९५ नंतर एकाच गावाच्या नावाचे दोन संघ दोन वेगळ्या खेळांत असू शकतात, आणि वर्तमानपत्र दोघांनाही नुसतं गावाच्या नावाने संबोधतं. १९०६ नंतरच्या बातम्यांत फॉरवर्ड सहा की आठ, यावरून ओळखा; त्याआधी दोन्हीकडे पंधराच खेळाडू असल्याने ही खूण चालत नाही.

युनियनमध्ये पैशावरची बंदी उठली ऑगस्ट १९९५ मध्ये. त्याआधी "हौशी" हा नियम होता, मोडला तर आजन्म बंदी. त्यानंतर ती क्लबची निवड आहे. दोन्ही काळांसाठी एकच विशेषण वापरलंत तर तीस वर्षांपूर्वीची सक्ती आजच्या तत्त्वासारखी वाचली जाईल. जमाखर्चात "प्रवासखर्च" नावाखाली मोठ्या गोल रकमा दिसल्या तरी नावानिशी आरोप करू नका. रक्कम आणि वर्ष द्या, पुढचं वाचक ताडतील.

इतिवृत्तांतल्या शिस्तभंगाच्या आणि दुखापतींच्या नोंदी हयात व्यक्तींच्या असतील तर लेखी संमती घ्या, नाहीतर नाव गाळा. डोक्याच्या दुखापतींबाबत जास्तच. जुन्या कात्रणांत "बेशुद्ध झाला, पण थोड्या वेळाने परतून खेळला" हे कौतुकाने लिहिलेलं सापडेल. ते जसंच्या तसं छापा, पण शेजारी आजची पद्धत द्या: शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि वर्ल्ड रग्बीच्या (खेळाची जागतिक संघटना) मार्गदर्शनानुसार हौशी पातळीवर सामन्यात पुनरागमन लवकरात लवकर २१ व्या दिवशी.

---

रद्दीशोधक

तिसरी फळी यांच्या तिसऱ्या आकड्याबद्दल, खेळाडूंची यादी करण्याआधी हे बघा. सामन्याआधी छापलेल्या संघांत "ए. एन. अदर" (इंग्रजी "अनदर", म्हणजे "आणखी कुणी", याची फोड) हे नाव वारंवार येतं. तो माणूस नाही. जागा अजून भरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कधी "एस. ओ. एल्स" ("समवन एल्स", म्हणजे "दुसरं कुणी") असंही लिहितात. यादी यंत्राने मोजली की हा गृहस्थ क्लबचा सर्वाधिक सामने खेळलेला खेळाडू ठरतो, आणि बहुधा पुढच्या फळीतला.

मोजणीतून त्याला वगळा, पण वेगळ्या रकान्यात दर हंगामाची संख्या ठेवा. गुरुवारी संघ जाहीर करताना किती जागा रिकाम्या होत्या, याचं तेवढंच माप तुमच्याकडे आहे. आणि सामन्याआधीची यादी ही प्रत्यक्ष खेळलेल्यांची यादी नव्हे. सोमवारची बातमी हाती असेल तर तीच धरा. आंतरराष्ट्रीय सामन्यांतसुद्धा जखमी खेळाडूच्या जागी बदली मिळू लागली ती १९६८ मध्ये, तेव्हा त्याआधीच्या सामन्यात सोळा नावं जमली तर दोन याद्या एकत्र झाल्याची शक्यता आधी तपासा.